छातीवरची चित्रं

आमच्या लहानपणी कपड्यावर अक्षर असायचं ते एकच, धोब्याने काळ्या शाईने घातलेली खूण. तीही कॉलरच्या आत. बाहेरून सगळं कोरं. फार तर बारीक फुलं किंवा पट्टे.

अपवाद एकच आठवतो. साठ-बासष्ट सालची गोष्ट. तेव्हा अमेरिकेतून मदतीचं धान्य आणि दूध पावडर यायची. आमच्या वर्गातल्या एका मुलाची चड्डी त्या धान्याच्या कापडी पिशवीतून शिवलेली होती. पिशवीवर हस्तांदोलन करणारे दोन हात आणि खाली इंग्रजी अक्षरं. त्याच्या आईने कापड कसं धरून बेतलं कोण जाणे, पण ते दोन हात नेमके त्याच्या बुडावर आले होते! गुरुजी त्याला फळ्यापाशी बोलवायचे आणि अख्खा वर्ग खुदुखुदू हसायचा. त्याला बिचाऱ्याला कळायचंच नाही काय चाललंय ते. मागचं चित्र त्याला कसं दिसणार?

हे आज आठवायचं कारण म्हणजे मुलांचे आणि आता नातवंडांचे टी-शर्ट. छातीवर छापलेलं चित्रही घालणाऱ्याला दिसत नाहीच की. आरशात पाहिलं तर उलटं दिसतं. ते असतं समोरच्यासाठी, आणि समोर कोण उभं राहील ते घालणाऱ्याच्या हातात नसतं.

टी-शर्ट म्हणजे बाहेर घालायचं बनियन, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं. आमचा मुलगा शिकायला नागपूरला गेला आणि दर सुट्टीत असं एकेक "बनियन" घेऊन यायला लागला. पोरगा मुळात घुम्या. पत्र लिहायचा ते चार ओळींचं. फोनवर "हो", "बरं", "ठेवतो". त्यामुळे तो घरी आला की मी त्याचे टी-शर्टच वाचायची. कुठल्याशा गिटारवाल्यांचा फोटो आला म्हणजे हा गाणी ऐकतो. कॉलेजच्या उत्सवाचा आला म्हणजे चार लोकांत मिसळतो, ठीक आहे. एकावर इंग्रजीत काही विनोद होता. तो मी शब्दकोश घेऊन लावला आणि लागल्यावर तो टी-शर्ट पोतेऱ्यात टाकला. मुलगा काही बोलला नाही. आई शब्दकोश वापरते हे त्याच्या लक्षात आलं असावं.

एकावर लिहिलं होतं "आय अॅम विथ स्टुपिड", म्हणजे "मी ह्या मूर्खाबरोबर आहे", आणि शेजारी दाखवणारा बाण. भाचीच्या साखरपुड्याचा ग्रुप फोटो आहे आमच्याकडे. त्यात तो बाण सरळ ह्यांच्याकडे दाखवतोय आणि हे नवा कोट घालून अगदी गंभीर चेहऱ्याने उभे आहेत! तो फोटो अजून भिंतीवर आहे. ह्यांना अर्थ मी सांगितला तो पाच वर्षांनी.

असो. सांगायचं आहे ते लाल टी-शर्टबद्दल.

2005 च्या दिवाळीच्या सुट्टीत पोरगा आला तो लालभडक टी-शर्ट घालून. छातीवर काळ्या रंगात एक चेहरा. लांब केस, विरळ दाढी, डोक्यावर तारा लावलेली टोपी, नजर कुठेतरी लांब. मी विचारलं, "हा कोण रे बाबा?" तर म्हणाला, "चे गव्हेरा. क्रांतिकारक होता." "कुठला?" "क्युबाचा... बहुतेक." बस, एवढंच ज्ञान! (माणूस मूळचा अर्जेंटिनाचा. पण ते मलाही नंतर वाचून कळलं.)

पुण्या-मुंबईत ह्यावर आई काय म्हणाली असती? रंग छान आहे, किंवा रंग जाईल, वेगळा धू. पण आम्ही गडचिरोलीचे. आमच्याकडे लाल रंग आणि "क्रांती" हे शब्द भिंतीवर, झाडावर, रस्त्यात आडव्या टाकलेल्या लाकडांशेजारच्या पत्रकांत वाचायची सवय होती. 1980 पासून नक्षलवादी ह्या भागात आले. जिल्हा झाला तो त्यानंतर, 1982 च्या 26 ऑगस्टला. म्हणजे जिल्ह्यापेक्षा बंदूक थोरली. माझी नोकरी झाली धानोरा तालुक्यात. मी शिकवलेल्या मुलांतले काही पोलिसांत भरती झाले आणि दोन-तीन जण "आत" गेले असं कानावर आलं. आत म्हणजे जंगलात. दोघांच्याही आया बाजारात भेटायच्या. एक मुलाच्या पगाराचं सांगायची, दुसरी भाजीचे भाव विचारून निघून जायची.

तर सुट्टीत आम्ही एटापल्लीला माझ्या मावसबहिणीकडे निघालो. हा टी-शर्ट त्याच्या अंगात. मी म्हटलं, बदल. तर म्हणे, "आई, हा फक्त फोटो आहे." मी म्हटलं, स्वेटर घाल, गाडीत गार वारा लागतो. नोव्हेंबरातला वारा, बहाणा तसा खोटा नव्हता. त्याने स्वेटर मांडीवर घेतला. घातला नाही. चामोर्शी, आष्टी गेलं. आलापल्लीच्या पुढे पोलिसांनी बस थांबवली. दोन जवान आत चढले, पिशव्या बघत बघत मागे आले. त्यातला एक आमच्या सीटपाशी थांबला आणि ह्याच्या छातीकडे बघत राहिला. वय असेल बावीस-तेवीस. खांद्याला बंदूक. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

तो वाकला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, नागपूरले भेटते का जी असा टी-शर्ट?"

मुलगा म्हणाला, "हो, सीताबर्डीवर."

"केवढ्याले पडला?"

"दीडशे."

"लाल रंग चांगला हाये," म्हणाला आणि पुढे गेला.

मुलगा मला दिवसभर चिडवत होता. त्याच्या दृष्टीने विषय संपला. पण माझ्या मते माझी भीती काही वेडी नव्हती, आणि आजही नाही. तो फोटो एकच, पण तो बघणारे आमच्या रस्त्यावर निदान तीन प्रकारचे होते. त्यातला सगळ्यात साधा त्या दिवशी भेटला, इतकंच.

पुढे मी त्या फोटोविषयी वाचलं. अल्बेर्तो कोर्दा नावाच्या छायाचित्रकाराने तो हवानात 5 मार्च 1960 ला काढला. आदल्या दिवशी बंदरात एका जहाजावर स्फोट होऊन माणसं गेली होती, त्यांच्या अंत्यविधीची सभा होती. म्हणजे ती लांब लागलेली नजर मयताला आलेल्या माणसाची आहे! 1967 साली बोलिव्हियात चे मारला गेला. 1968 मध्ये जिम फिट्झपॅट्रिक ह्या आयरिश चित्रकाराने त्या फोटोचं लाल-काळं चित्र केलं, आणि मग ते जगभर छापलं गेलं. कोर्दाने त्यावर मानधन मागितलं नाही. मात्र एका व्होडकाच्या जाहिरातीत तो चेहरा वापरला तेव्हा तो चिडला आणि कोर्टात गेला. मला हे आवडलं. टी-शर्ट चालेल, दारू नको. दारूबंदीच्या जिल्ह्यातल्या बाईला आवडणारच!

2009 साल आमच्यासाठी फार वाईट गेलं. फेब्रुवारीत मरकेगावला 15 पोलीस मारले गेले, मे महिन्यात हत्तीगोट्याला 16, ऑक्टोबरात लाहेरीला 17. दर वेळी पेपरात पासपोर्ट फोटोंच्या ओळी छापून यायच्या. मी चष्मा लावून एकेक चेहरा बघायची. बसमधला तो जवान ह्यात आहे का? चार वर्षांत चेहरा बदलतो, नाव मी विचारलं नव्हतं. सापडला नाही. सापडला नाही म्हणजे जिवंत आहे असं मी धरून चालते. त्याने सीताबर्डीवर जाऊन तो टी-शर्ट घेतला का, हेही कधी कधी मनात येतं. 15 ऑक्टोबर 2025 ला भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. ती बातमी बघताना मला पहिल्यांदा त्या मुलाचीच आठवण झाली. तो आता चाळिशीच्या पुढे गेला असेल.

त्याच 2009 साली धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी बंदूक न उचलता मिळवलेला. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. मी मुलाला म्हटलं, छापायचंच असेल तर हे छाप की! तो म्हणाला, "आई, फार लांब आहे, एल साइजमध्ये बसणार नाही." बघा.

मुलीची तऱ्हा वेगळी. ती पुण्यात असते. मध्ये एकदा तिने मला वारली चित्रांचा कुर्ता पाठवला, सोबत सगळ्यांना तसेच टी-शर्ट. म्हणे, "तुमच्याकडची आदिवासी कला." अगं, वारली कुठे, आम्ही कुठे! जिव्या सोमा मशे डहाणू तालुक्यातले. ते महाराष्ट्राचं एक टोक, आम्ही दुसरं. आमच्याकडच्या गोंड-माडिया बायांची नक्षी कापडावर नसते, ती अंगावर गोंदलेली असते. एका म्हातारीने मला सांगितलं होतं की मेल्यावर डाग-दागिने इथेच काढून घेतात, बरोबर येतं ते गोंदणच. ते दुकानात मिळत नाही आणि धुऊन जात नाही. पण कुर्ता छान होता, मी वापरते.

गेल्या उन्हाळ्यात मुलगी आणि नात आल्या त्या ताडोबा करून. नातीला वाघ दिसला होता. तिचं वय आठ, त्यामुळे घरात दोन दिवस वाघाशिवाय विषय नाही. मोहर्लीहून घेतलेला टी-शर्ट अंगातून काढायला तयार नाही. काळ्या कापडावर वाघाचा भला मोठा चेहरा, पिवळे डोळे, अगदी समोर बघणारे.

आमच्याकडे कामाला येणारी बाई आरमोरीकडच्या खेड्यातली. तिच्या दिराला वाघाने नेलं, शेतावर गेला असताना. त्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे हे फारच झालं. वडसा-आरमोरी भागात, ब्रह्मपुरीकडे, पार भंडाऱ्यापर्यंत माणसं मारणारा सीटी-1 हा वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये पकडला, तोवर त्याच्या नावावर 13 बळी होते. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाहीकडे तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. ताडोबाच्या जिप्सीतून दिसतो तो वाघ आणि तेंदूपत्ता तोडताना दिसतो तो वाघ, प्राणी एकच.

बाई भांडी घासायला आली आणि मोरीच्या दारात नात उभी, छातीवर तो चेहरा. बाई जागीच थांबली. मग पदर सावरत मला म्हणाली, "पोरीच्या आंगावर हे कायले आनलं, बाई?" आणि खाली बसून भांड्यांना हात घातला. त्या दिवशी तिने एकदाही मान वर केली नाही.

रात्री मुलीशी माझा वाद झाला. ती म्हणते वाघ वाचलाच पाहिजे, आणि मुलांना भीती घालू नये. वाघ वाचला पाहिजे हे मलाही मान्य आहे, तोही इथलाच. पण वाघ वाचवायची किंमत पुण्याने टी-शर्टच्या दुकानात द्यायची आणि आरमोरीने अशी द्यायची, हा हिशेब मला कधी पटलेला नाही. मुलगी म्हणाली, "मग काय, टी-शर्ट जाळू?" मी म्हटलं, तसं नाही म्हणत मी. नात कॉटवर डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली.

सकाळी ती उठून आली तर अंगात तोच टी-शर्ट, पण उलटा. शिवणी बाहेर, मानेजवळची चिठ्ठी बाहेर, वाघ आत. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने बाई आली. तिने नातीकडे पाहिलं आणि मला हाक मारून म्हणाली, "बाई, पोरीनं आंगी उलटी घातली जी, सांगा तिले."

"असाच घालायचाय मला," नात म्हणाली, आणि दूध प्यायला बसली.