लहान मुलांसोबतची सहल: कमी ठिकाणं, कमी खर्च, कमी आजार

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपत आली की माझ्या दवाखान्यात एक ठरलेली गर्दी होते. सहलीहून परतलेले आई-बाबा आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकलेलं मूल. तक्रारीही त्याच: जुलाब, उलट्या, ताप, नाहीतर "तीन दिवस झाले, काही खातच नाही." मी दोन प्रश्न विचारतो. "कुठे गेला होतात?" आणि "किती ठिकाणी?" पहिल्या उत्तरावरून फारसं कळत नाही. दुसऱ्यावरून बरंच कळतं.

मागच्या उन्हाळ्यात एक जोडपं आलं होतं. चार वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा. भाड्याची गाडी करून पाच दिवसांत सात ठिकाणं केलेली. वर्षभर साठवलेले पैसे होते. चौथ्या दिवशी धाकट्याला जुलाब लागले, सलाईन लावावं लागलं आणि उरलेले पैसे त्यातच संपले. आई म्हणाली, "डॉक्टर, आता मुलं मोठी होईपर्यंत कुठे जायचंच नाही."

हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. जुलाब दोन-तीन दिवसांत आटोक्यात येतात, पण हा निर्णय वर्षानुवर्षं टिकतो. मुलं मोठी होतात तेव्हा त्यांच्या मागे क्लास लागलेले असतात आणि आजी-आजोबांचे गुडघे थकलेले असतात. म्हणून सहल बंद करू नका, तिचा वेग कमी करा, असं मी पालकांना सांगतो.

मूल आजारी का पडतं?

लहान मुलाचं शरीर ठरलेल्या वेळांवर चालतं. झोपायच्या वेळी ते गाडीत असतं, जेवायच्या वेळी दर्शनाच्या रांगेत आणि खेळायच्या वेळी पुन्हा गाडीत. मग ते किरकिर करतं, जेवत नाही, पाणी पीत नाही. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे उन्हात त्यांच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं. दीड वर्षाचं मूल "तहान लागली" असं सांगतही नाही. त्यात रोज नवं हॉटेल, नवं पाणी, नवं स्वयंपाकघर. प्रत्येक नव्या स्वयंपाकघराबरोबर पोट बिघडण्याची एक नवी शक्यता येते. ठिकाणं कमी केली की हे सगळं एकदम कमी होतं आणि गाडीचा खर्चही वाचतो.

आमची मुलं लहान होती तेव्हा दवाखान्याचं कर्ज फिटायचं होतं. आम्ही उन्हाळा टाळून हिवाळ्यात दापोलीजवळच्या समुद्रकाठच्या एकाच गावी जायचो. एसटीने जायचं, घरगुती खोलीत राहायचं, चार रात्री. सकाळी किनारा, दुपारी जेवून झोप, संध्याकाळी पुन्हा किनारा. एखाद्या संध्याकाळी हर्णै बंदरावरचा माशांचा लिलाव बघायचा, एवढाच काय तो कार्यक्रम. खोलीच्या मालकीणबाई मुलांपुरता मऊ भात वेगळा काढून ठेवायच्या. मुलं आता मोठी झाली आहेत. त्यांना आठवतात ती वाळूतली खेकड्यांची बिळं. पाच वर्षांच्या मुलाला सात ठिकाणं नको असतात. त्याला एकच ठिकाण पुन्हा पुन्हा हवं असतं.

तिकिटाचं गणित

एसटीत ५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही आणि ५ ते १२ वयाला अर्धं आहे. मार्च २०२३ पासून महिलांनाही राज्याच्या हद्दीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या आजी-आजोबांना अर्धं, तर पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत. रेल्वेत ५ वर्षांखालील मुलासाठी वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही. ५ ते १२ वयात बर्थ घेतल्यास पूर्ण, न घेतल्यास अर्धं भाडं. शक्य असेल तिथे रेल्वे निवडा. मूल उठतं, चालतं आणि शौचालयही जवळ असतं.

गाडी लागते तेव्हा

कान मेंदूला सांगतो, "आपण हलतोय." डोळ्यांना मात्र समोरच्या सीटची पाठ दिसते, म्हणजे सगळं स्थिर. या गोंधळातून मळमळ सुरू होते. साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. मुलाला पुढच्या बाजूला, बाहेरचं दूरवरचं दिसेल असं बसवा. घाटात मोबाईल आणि चित्रांचं पुस्तक नको. उपाशी नेऊ नका, भरपेट खायलाही घालू नका. दशमी, लाह्या किंवा एखादं केळं पुरतं. उलटीच्या गोळीचा उपयोग ती प्रवासाआधी दिली तरच होतो, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच द्या. दोन वर्षांखालील मुलांना नेहमीच्या प्रवासाच्या गोळ्या देत नाहीत.

पिशवीत काय हवं?

ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, मुलाच्या नेहमीच्या तापाचं औषध आणि साबण. तापाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तो मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. रात्री दोन वाजता परगावी आठवत नाही.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर स्वच्छ पाण्यात एकदम मिसळायचं. अर्धं पाकीट, अंदाजे पाणी असं चालत नाही. लहान पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं असेल तेवढंच घ्या. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलि, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलि द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध आणि मऊ जेवण बंद करू नका. गोड शीतपेयं किंवा डब्यातला ज्यूस ओआरएसची जागा घेत नाहीत. जुलाब थांबवणारी मोठ्यांची गोळी मुलांना अजिबात देऊ नका.

खाण्याचा नियम सोपा आहे: वाफ येणारं अन्न, आपल्या हातांनी सोललेलं फळ, उकळलेलं किंवा सीलबंद पाणी. बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं आणि उघड्यावरची चटणी टाळा.

मुक्कामी पोहोचलात की जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते विचारून ठेवा. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू येत नाहीत, मूल सुस्त पडलंय, शौचात रक्त आहे किंवा पोटात काहीच टिकत नाही, यातलं एकही लक्षण दिसलं तर वाट बघू नका. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तरी लगेच दाखवा. गंभीर वाटलं तर १०८ ला फोन करा.

आणि आईची सुट्टी

सहलीनंतर येणाऱ्या काही आया स्वतःसाठीच येतात. डोकेदुखी, पाठदुखी, झोप नाही. चौकशी केली की कळतं, पिशव्या भरणं, भरवणं, शी-शू, धुणं हे सगळं तिथेही त्यांच्याकडेच होतं, फक्त गाव बदललं होतं. एका बाईंनी मला सांगितलं, "घरी आल्यावर सुट्टी संपली असं नाही वाटलं. सुटले असं वाटलं." म्हणून निघण्यापूर्वीच कामं वाटून घ्या. सकाळचा किनारा बाबांचा, दुपारी गोष्ट सांगायचं काम आजोबांचं. रोज निदान एक तास आईला कुणी हाक मारायची नाही. याला पैसे लागत नाहीत.

ते जोडपं गेल्या महिन्यात लसीकरणासाठी आलं होतं. जाता जाता वडिलांनी विचारलं, "डॉक्टर, या वेळी एकाच गावी तीन दिवस गेलो तर?" मी म्हटलं, "जा. येताना आईचं वजन वाढलेलं दिसलं पाहिजे."