दाराबाहेरची माणसं

कॅज्युअल्टीत सीपीआर सुरू झाला की मी नातेवाइकांना बाहेर काढायचो, दार लावून घ्यायचो आणि सगळं संपल्यावरच बाहेर जायचो. रुग्ण वाचवणं हे माझं काम, नातेवाइकांशी बोलणं उरलेल्या वेळात, अशी माझी समजूत होती. तिचा फटका मला नाही, आमच्या सिस्टरना बसला.

अपघातातला तरुण मुलगा होता. आम्ही बराच वेळ झटलो. तेवढ्या वेळात बाहेर त्याच्या भावाला कुणी काही सांगितलं नाही. सिस्टर औषधाची चिठ्ठी द्यायला दाराबाहेर गेल्या. "डॉक्टरांना विचारून सांगते," एवढंच त्या म्हणाल्या आणि गर्दीतून कुणीतरी त्यांना ढकललं. कपाळ कडीवर आपटलं. हात उगारणाऱ्याचा गुन्हा त्याचाच आहे, तो मी माझ्यावर घेत नाही. पण माझ्या तोंडून जायला हवी होती ती बातमी द्यायची वेळ मी त्यांच्यावर आणली होती.

त्याहून मोठी चूक पुढची. "त्यांच्या घरचं माणूस गेलंय, जाऊ द्या," असं मी सिस्टरना म्हणालो. तक्रार झालीच नाही. डॉक्टर-परिचारिकांवरचा हल्ला अजामीनपात्र ठरवणारा, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला कायदा महाराष्ट्रात 2010 पासून आहे, हे मला पाठ होतं. 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरच्या डोळ्याला मारहाणीत गंभीर इजा झाली, तेव्हा मीही काळी फीत लावून उभा होतो. डॉक्टरसाठी फीत आणि सिस्टरसाठी 'जाऊ द्या', हे मला अजून सलतं.

पुढे सुरक्षेचं प्रशिक्षण झालं. आपण आणि दार यांच्यामध्ये गर्दी येऊ द्यायची नाही, गळ्यातला स्टेथोस्कोप काढून ठेवायचा, आवाज चढू लागला की एकट्यानं थांबायचं नाही. सगळं उपयोगाचं. पण सर्वांत कामाची गोष्ट साधी होती: 'प्रकृती गंभीर आहे' हे पहिल्या काही मिनिटांतच सांगायचं, पुन्हा पुन्हा सांगायचं, आणि त्यासाठी एक माणूस नेमायचा. त्या वर्गाला फक्त डॉक्टर बोलावले होते. गर्दीला आधी सामोऱ्या जाणाऱ्या मावशी, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचे चालक यांच्यापैकी कुणी नव्हतं, आणि तेव्हा मीही ते विचारलं नाही.

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टरच्या खुनानंतर, ऑगस्ट 2024 मध्ये, केंद्रीय आरोग्य खात्यानं हल्ल्यानंतर सहा तासांच्या आत संस्थेनंच एफआयआर नोंदवावा असा आदेश काढला. आमच्या पाळीत आता धक्काबुक्की झाली तरी तक्रारीचा कागद ड्यूटीवरचा डॉक्टर लिहितो. मार खाल्लेल्या माणसाला 'देऊ का?' असं विचारत बसावं लागत नाही.