पेडलवरचा दुसरा पाय

निघोज्यात, चाकणच्या पट्ट्यातल्या मोठ्या गाडी कारखान्यांना पार्ट पुरवणाऱ्या छोट्या शॉपमध्ये, नव्या पोरांना व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, तयार करणं हे माझं काम. या कामाबद्दल विचार करताना एका विमान अपघाताचा चौकशी अहवाल मला सारखा आठवतो.

८ मार्च १९९४, दिल्लीचा विमानतळ. सहारा इंडिया एअरलाइन्सचं बोइंग ७३७. प्रवासी कुणी नव्हते. एक प्रशिक्षक कॅप्टन आणि तीन शिकाऊ वैमानिक. चाकं धावपट्टीला टेकवायची, न थांबता पुन्हा उडायचं, चक्कर मारून परत उतरायचं, असा सराव चालू होता. पाच फेऱ्या नीट झाल्या. त्यानंतर टेकून उठताना इंजिन बंद पडल्याचा सराव घेतला गेला, विमान डावीकडे कलंडत गेलं आणि कोसळलं. अवशेष तिथे उभ्या असलेल्या एरोफ्लोतच्या विमानावर आदळले. विमानातले चौघे आणि जमिनीवरचे पाच, नऊ जीव गेले.

या सरावात प्रशिक्षक एका इंजिनाचा जोर मुद्दाम कमी करतो. मग दुसरं इंजिन विमानाचं नाक कमजोर बाजूला फिरवू लागतं. नाक डावीकडे चाललं तर उजवं रडर पेडल, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचं पेडल, दाबायचं. पाय उलटा पडला तर वळण आणखी वाढतं, पंख खाली जातो, आणि जमिनीलगत सावरायला उंचीच नसते. शिकाऊ वैमानिकाने चुकीचा रडर दिला, असं चौकशीत निघालं. पण अहवाल तिथे थांबत नाही. प्रशिक्षकाने रडर रोखून धरला नाही, स्पष्ट सूचना दिल्या नाहीत, हेही त्यात आहे. माझ्या दृष्टीने हे दुसरं वाक्य जास्त मोलाचं. शिकणारा चुकणारच. पण दोघांची पेडल एकमेकांना जोडलेली असतात: प्रशिक्षकाचा पाय जागेवर असेल तर उलटं पेडल आत जाणारच नाही.

आमच्याकडेही हेच लागू पडतं. पहिला जॉब लावताना सिंगल ब्लॉक चालू (प्रोग्रामची एकेक ओळच चालते), रॅपिड, म्हणजे टूलच्या मोकळ्या धावेचा वेग, अगदी कमी. पोरगा सायकल स्टार्ट दाबतो, माझं बोट फीड होल्डवर, म्हणजे टूलची हालचाल थांबवणाऱ्या बटणावर. टूल खाली येतं. स्क्रीनवर अजून किती अंतर जायचंय ते दिसतं, ते त्याने मोठ्याने वाचायचं. टूल जॉबपासून बोटाच्या जाडीइतकं वर आणि स्क्रीनवर साठ मिलिमीटर बाकी, म्हणजे बहुधा टूलची लांबी चुकीच्या नंबरवर टाकलीय. हे त्याच्या लक्षात यायला हवं, त्याच्याच तोंडून निघायला हवं. मी आधीच थांबवलं तर तो बघायला शिकत नाही. उशीर केला तर स्पिंडल ठोकला जातो. मधला वेळ काही क्षणांचा, आणि तेवढ्यात माझी नजर दुसरीकडे गेलेली चालत नाही.

वैमानिक आता इंजिन बंद पडण्याचा सराव सिम्युलेटरमध्ये करतात, आणि तेच योग्य. छोट्या शॉपला ते कुठून परवडणार? त्याऐवजी मी भंगारातला ॲल्युमिनियमचा ठोकळा लावतो. खरी अडचण वेगळीच. एकच जुना माणूस तीन-चार मशीनवर लक्ष ठेवतो, आणि नेमकं पहिल्या जॉबच्या वेळी त्याला डिस्पॅचची हाक येते. म्हणून मालकाला आधीच सांगून ठेवतो: नवा पोरगा पहिला जॉब काढेपर्यंत मला हाक मारायची नाही, आणि ते मशीन त्या शिफ्टच्या टार्गेटमध्ये धरायचं नाही.