जिभेवरची साक्ष

जांभूळ खाऊन घरी खोटं बोलता येत नाही. दुपारभर कुठे होतास, असं आईने विचारावं, शाळेतच होतो, असं आपण सांगावं, आणि तिने एवढंच म्हणावं, "जीभ दाखव." त्यापुढे बोलायला काही उरत नसे. कैरी, चिंच, बोरं खाऊन तोंड पुसलं की पोर मोकळं. जांभूळ असं मोकळं सोडत नाही. ते जीभ रंगवतं, ओठ रंगवतं, बोटांची पेरं आणि सदऱ्याचा खिसा रंगवतं. त्या खिशाला साबण लावला की डाग जायच्या ऐवजी निळसर होतो. जास्त खाल्लं तर घसा धरतं, जीभ जड करतं. आपण येऊन गेलो हे लपवणं त्याच्या स्वभावातच नाही.

विठ्ठल उमपांनी गाऊन महाराष्ट्राला ऐकवलेल्या जांभूळ आख्यानात याच स्वभावाची ओळख आहे, असं मला नेहमी वाटतं. द्रौपदीच्या मनात कर्ण येतो आणि ते कृष्णाला कळतं. पुढे झाडावरून तुटलेलं एक जांभूळ परत देठाला लावायची वेळ येते. ते कसं लागणार? ज्याने त्याने आपल्या मनातलं खरं सांगावं, तरच. दुसरी कितीतरी फळं असताना लोकांनी या कथेसाठी जांभूळ निवडलं.

मराठीने एका रंगाला त्याचंच नाव दिलं. गावांना, वाड्यांना, पाड्यांना दिलं. पूजेला बसलेला माणूस संकल्प सोडताना आपला पत्ता सांगतो तोही जंबुद्वीपापासून. एवढा मान असलेलं हे फळ बाजारात मात्र कधी उंचावर बसत नाही. आंब्याला पेटी असते, पेंढा असतो, द्राक्षाला कागदी खोका असतो. जांभूळ येतं टोपलीत, पानांखाली झाकून, भल्या पहाटे पाड्यावरून निघालेल्या बाईच्या डोक्यावरून. स्टेशनच्या जिन्याशी फडक्यावर त्याचे वाटे लागतात. बाई वरून दोन दाणे जास्त टाकते, कारण संध्याकाळी उरलेलं तिच्या उपयोगाचं नसतं. झाडावरून उतरलं की दोन दिवसांत ते मऊ पडतं, पाणी सोडतं. मे सरताना यायचं, मृगाचा पाऊस लागला की अळी धरायची आणि निघून जायचं, एवढाच त्याचा मुक्काम.

त्या मुक्कामाची किंमत झाडावर चढणारा मोजतो. जांभळाचं झाड उंच, फळं फांद्यांच्या टोकाला, आणि फांदी ठिसूळ. हिरवीगार, भरवशाची वाटते आणि वजन पडलं की काडकन मोडते. पालघर तालुक्यातल्या बहाडोलीत म्हणून झाडाभोवती बांबूची परांची बांधतात आणि तिच्यावर उभं राहून एकेक फळ हाताने खुडतात. बहाडोलीचं जांभूळ टपोरं, गराचं, बी लहान. या गावाच्या नावानेच दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' ही जात दिली. अलीकडे बहाडोलीच्या आणि बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या हातात एक वाटा येतो तेव्हा त्यामागे परांची बांधणाऱ्याची मजुरी असते, हे भाव करताना मनात असावं.

आता जांभळाच्या अंगातल्या गुणांबद्दल. जिभेवर उरतो तो रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. आंबटाच्या संगतीत ही द्रव्यं लालसर दिसतात, साबणासारख्या क्षाराच्या संगतीत निळी होतात. खिशावरच्या डागाचं कोडं एवढंच. घसा धरतो तो टॅनिनमुळे. लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटतात, लाळेचा ओलसर बुळबुळीतपणा जातो आणि त्या कोरडेपणाला आपण तुरट म्हणतो. रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१७ साली आवारातल्या झाडांखाली पडलेली जांभळं पाहून त्यांचा रंग काढला आणि त्याने सूर्यप्रकाश शोषणारा सौरघट करून दाखवला. त्या घटातून वीज फार थोडी निघते. पण जो रंग आपण आईपासून लपवत होतो तो ऊन पकडण्याच्या कामाचा निघाला, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्व्हिडिन ही जांभळाच्या रंगातली मुख्य घराणी. परदेशातल्या ब्लूबेरीतही हीच घराणी आहेत, जोडलेल्या साखरेच्या रेणूंत थोडा फरक. ब्लूबेरीवर मोठमोठे अभ्यास झाले. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या परिचारिका, दंतवैद्य अशा आरोग्यसेवेतल्या सुमारे १ लाख ८७ हजार लोकांच्या खाण्याच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ साली निष्कर्ष 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंदं अख्खी खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला. फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत तो जास्त आढळला. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. पण फळ चावून खाणं आणि गाळून पिणं ही शरीराच्या लेखी दोन वेगळी कामं आहेत, हे त्यातून नीट दिसतं. चावून खाल्लेल्या फळाचा चोथा आपल्याबरोबर पोटात जातो, साखर सावकाश सुटते, पोट भरल्याचं कळतं. गाळणीत तो चोथा मागे राहतो. जांभळावर एवढा मोठा अभ्यास कोणी केलेला नाही. गरिबाघरच्या गुणी मुलासारखं ते राहिलं. गुण सगळ्यांना माहीत, पण परीक्षेला बसवायला कोणी नाही.

परीक्षा अगदीच झाल्या नाहीत असंही नाही. इन्सुलिन १९२२ साली माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी जांभळाच्या बिया मधुमेहावर उपाय म्हणून युरोपपर्यंत पोचल्या होत्या. आपल्या वैद्यकात तर त्या फार जुन्या. प्रयोगशाळेत बियांच्या अर्काने पिष्टाची साखर करणाऱ्या पाचकद्रव्यांना अडवल्याचं दिसलं. मधुमेह घडवलेल्या उंदरांची साखर त्याने उतरली. म्हणजे आजीबाईच्या बटव्यात उगाच काही ठेवलेलं नव्हतं. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि माणसांवरच्या चाचण्या मोजक्या आणि लहान आहेत. त्यातली एक ब्राझीलची. तिथे हे झाड कधीच जाऊन रुजलं आहे, आणि मधुमेहावर त्याच्या पानांचा चहा घेण्याची रीत आहे. पोर्तू अलेग्रीच्या डॉक्टरांनी त्या चहाची नीट परीक्षा घ्यायचं ठरवलं. काही रुग्णांना खरा चहा आणि औषध नसलेली गोळी, काहींना नुसता दिसायला तसा चहा आणि ग्लायब्युराइड या मधुमेहावरच्या औषधाची खरी गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. २००४ साली निकाल छापला गेला. गोळीने उपाशीपोटीची साखर उतरली. चहाने उतरली नाही.

पानं वेगळी, बी वेगळी, हे मला मान्य आहे. पण हा निकाल मला माहीत होता आणि आमच्या अण्णांना तो वेळेवर सांगितला नव्हता, याचं शल्य माझ्या मनातून जात नाही. अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पन्नाशीला साखर निघाली, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळी. घरात आंबा आला की ते उठून ओटीवर जाऊन बसत. फळ म्हणजे साखर, आणि साखर म्हणजे शत्रू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मग एका वर्षी कोणीतरी त्यांना जांभळाच्या बियांच्या पावडरीची बाटली आणून दिली. 'मुळापासून बरा' असं तिच्यावर छापलं होतं. अण्णांनी गोळ्या बंद केल्या, कोणाला न सांगता. चार महिने रोज एक चमचा पावडर, कोमट पाण्यातून. पायाच्या करंगळीला चपलेचा पट्टा घासला आहे, एवढंच त्यांना वाटत होतं. आम्हाला कळलं ते जखमेला वास यायला लागल्यावर. बोट वाचलं, पण जखम भरायला पावसाळा उलटून दिवाळी आली.

"जांभळाने दगा दिला रे," असं ते खाटेवर पडून म्हणाले होते. मला ते फार लागलं. ज्या फळाला खोटं बोलताच येत नाही, त्याच्या नावावर ही थाप कोणीतरी छापली होती.

भारतात मधुमेह असलेली माणसं १० कोटींवर आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी साडेतेरा कोटी, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत निघालं. एवढी घाबरलेली माणसं आहेत, त्यांच्या भीतीवर बाटल्या विकल्या जातात. कुठे पावडर, कुठे रस, कुठे महाबळेश्वरच्या जांभूळ मधाबद्दल 'शुगरवाल्यांना चालतो' असं सांगणं. जांभूळ मध उत्तम असतो, त्याला स्वतःचा एक कडवटसर गोडवा असतो. पण मधमाशीने जांभळाच्या फुलातून आणली तरी ती साखरच. मधुमेह असलेल्याने तिची मोजदाद साखर म्हणूनच करायला हवी.

अण्णांना बरं वाटल्यावर मी त्यांच्याजवळ बसून चीनमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. दहा भागांतली सुमारे पाच लाख माणसं, सात वर्षांची पाहणी. रोज ताजं फळ खाणाऱ्यांत नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण, फळ क्वचित खाणाऱ्यांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होतं. अण्णांना त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. ज्यांना आधीच मधुमेह होता त्यांच्यातही, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त फळ खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण १७ टक्क्यांनी कमी आढळलं. "म्हणजे मी ओटीवर उगाच जाऊन बसत होतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अण्णा, आंबा बेताने. पण फळ सोडायचं नाही. आणि गोळी तर अजिबात नाही." हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारसूत्रात माणशी रोज १०० ग्रॅम फळ सांगितलं आहे. शंभर ग्रॅम म्हणजे ओंजळभर जांभळं. अण्णांच्या डॉक्टरांनीही जेवणानंतर तेवढ्याला होकार दिला.

आता जूनच्या पहिल्या आठवड्यात मी अण्णांकडे जातो तेव्हा पितळेच्या वाटीत मिठाच्या पाण्यातून काढलेली जांभळं असतात. शेजारी गोळ्यांची डबी. आधी गोळी, मग जेवण, मग जांभळं. ते एकेक तोंडात टाकतात, डोळे मिटतात, बी हातावर घेतात. त्यांची नात समोर उभी राहून म्हणते, "आजोबा, जीभ दाखवा." आणि ते दाखवतात.

मला या झाडाची काळजी वाटते. रस्ता रुंद झाला की पहिलं हेच पडतं, कारण ते जुनं आणि रस्त्याच्या कडेचं. उन्हाळ्यात अंगणात फळांचा सडा पडतो, फरशीवर डाग पडतात, म्हणून सोसायट्या ते तोडायला निघतात. लखनौच्या संशोधन केंद्राने बीच नसलेल्या जांभळाची निवड केली आहे, कलमं चार-पाच वर्षांत फळायला लागतात. बागायतदारांना त्याचा आधार होईल, आणि व्हावा. पण रानातलं, बांधावरचं, वटवाघळांनी आणि बुलबुलांनी पेरलेलं झाड त्यातून परत येणार नाही. त्याचं लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून आपल्या पूर्वजांनी ते विहिरीच्या तळाला बसवलं. ते झाड आपल्याला आणखी शंभर वर्षं पुरेल, आपण ठेवलं तर.

म्हणून या जूनमध्ये स्टेशनच्या जिन्याशी बसलेल्या बाईकडून एक वाटा घ्या, भाव न करता. औषध चालू असेल तर ते चालूच ठेवा. आणि खाऊन झाल्यावर बिया कुटण्यासाठी वाळवू नका. जांभळाची बी वाळली की दोनेक आठवड्यांत तिची उगवण्याची ताकद जाते. ओली असतानाच मातीत बोटभर खोल टोचा. एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपं वर येतात.