भयाची दुसरी भेट

सोळाव्या वर्षी ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी वाचली, तेव्हा भिंतीवरून डोके खाली करून उतरणाऱ्या त्या उमरावाने माझी झोप उडविली. भयकथांची गोडी लागली ती तेथूनच. परवा, पन्नाशीत, ती पुन्हा वाचली. आणि काळीज चरकले ते निराळ्याच ठिकाणी. त्या रक्तपिपासूस दूर ठेवण्यासाठी डॉक्टरांनी आजारी लूसीच्या खोलीत लसणीची फुले ठेविली होती. खोली कोंदट वाटली म्हणून तिच्या आईने मायेनेच ती काढून खिडकी उघडली! आईचे हृदय दुबळे, म्हणून तिला कोणी काही सांगितलेच नव्हते. आमच्या घरीही भावोजींचा मधुमेह सासूबाईंपासून असाच लपविलेला. आणि त्या आग्रहाने त्यांच्या पानात साखरभात वाढतात. पुस्तक मिटून मी सासूबाईंजवळ जाऊन बसले.