निसटता

मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर एक विशेषण असतं, जे मला आजवर हिंदीत नीट नेता आलेलं नाही. ‘निसटता’. निसटता विजय आणि निसटता पराभव. आमच्याकडे भिलाईत सकाळी जो हिंदी पेपर येतो, त्यात अशा सामन्याला ‘कांटे की टक्कर’ म्हणतात. तो शब्द चांगला आहे, पण तो दोन संघांबद्दल बोलतो. ‘निसटता’ हा शब्द हाताबद्दल बोलतो. जिंकलेल्याच्या हातून निसटत होतं ते राहिलं, हरलेल्याच्या हातून निसटलं. विशेषण एकच. भाषेने दोघांना वेगळं काढायची तसदी घेतलेली नाही.

२०१७च्या उन्हाळ्यात हे विशेषण आमच्या घरात रोजच्या वापरात आलं. आम्ही सेक्टर ६मध्ये राहतो. बाबा भंडाऱ्याहून इथे प्लॅन्टमध्ये नोकरीला आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. धाकटा भाऊ पुण्यात, हिंजवडीला. त्याचं म्हणणं, आई गेल्यावर आता बाबांनी आणि मी इथे राहण्यात काही अर्थ नाही, क्वार्टर सोडावं आणि पुण्याला यावं. “ताई, तू समजाव त्यांना,” असं तो फोनवर म्हणायचा. अनुवादाचं काम काय, कुठूनही होतं. बाबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. त्या एप्रिलमध्ये त्यांनी एवढंच केलं की रात्री आयपीएल लावून पुण्याच्या संघाचे सामने बघायला सुरुवात केली. “पाहू ना,” म्हणाले, “पुणं कसं खेळते ते.”

पुणं म्हणजे रायझिंग पुणे सुपरजायंट. आदल्या वर्षी हे नाव अनेकवचनी होतं, ‘सुपरजायंट्स’. आठ संघांत सातवा क्रमांक आला, कप्तानपद धोनीकडून स्टीव्ह स्मिथकडे गेलं आणि नावातला शेवटचा ‘स’ही गेला. अनुवादकाला असल्या गोष्टी उगाच दिसतात. आणखी एक दिसलं: नावाची इंग्रजी आद्याक्षरं मालकांच्या कोलकात्यातल्या उद्योगसमूहाच्या नावाशी तंतोतंत जुळत होती. त्यात पुणे किती होतं, हा प्रश्नच होता. संघाचं मैदान शहरात नव्हतं, गहुंजेला, द्रुतगती मार्गाच्या कडेला. आणि २०१६ साली महाराष्ट्रात दुष्काळ पडला, मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यातले सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले, तेव्हा पुण्याच्या संघाने आपले ‘घरचे’ सामने विशाखापट्टणमला खेळले. तेही पोलादाचंच शहर. बाबांना ही गोष्ट फार आवडली होती. पाण्यासाठी महाराष्ट्र सोडलेला संघ त्यांना आपल्यातलाच वाटला असावा.

आमच्या ओळीत बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी अशी घरं. बहुतेकांना आपापला संघ होता, छत्तीसगडला मात्र नव्हता. दिल्लीवाले अधूनमधून रायपूरला येऊन दोन-दोन सामने खेळून जायचे. एप्रिलची रात्र, कूलरची घरघर, त्यामुळे टीव्हीचा आवाज मोठा, आणि भिंतीपलीकडेही तोच सामना जरा उशिरा ओरडणारा.

सुरुवात छान झाली. ६ एप्रिलला मुंबईविरुद्ध १८५ हव्या होत्या, शेवटच्या षटकात स्मिथने पोलार्डला दोन षटकार मारले आणि एक चेंडू राखून जिंकले. मग सलग तीन पराभव, त्यातला दिल्लीकडून झालेला ९७ धावांचा. तो निसटता नव्हता, त्याला बाबांनी “धुतलं” असं म्हटलं आणि झोपायला गेले. पण त्यानंतर जे सुरू झालं ते विलक्षण होतं. २२ एप्रिलला हैदराबादविरुद्ध धोनीने शेवटच्या चेंडूवर चौकार मारून जिंकून दिलं. दोन दिवसांनी वानखेडेवर मुंबईला तीन धावांनी हरवलं. १ मेला, महाराष्ट्र दिनालाच, गुजरातविरुद्ध बेन स्टोक्सचं शतक आणि पुन्हा एकच चेंडू शिल्लक. ३ मेला कोलकात्यात राहुल त्रिपाठीने ५२ चेंडूंत ९३ केल्या, तेव्हा शेजारच्या दादांनी आपला टीव्ही बंद केला. आम्हाला भिंतीतून कळलं. ६ मेला हैदराबादेत उनाडकटने शेवटच्या षटकात हॅट्‌ट्रिक घेतली आणि एकही धाव दिली नाही.

त्रिपाठीबद्दल बाबांना कुतूहल होतं. त्रिपाठी आडनावाचा मुलगा, आणि रणजी महाराष्ट्राकडून खेळतो. “म्हणजे आपल्या उलटं,” बाबा म्हणाले.

मेच्या मध्यापर्यंत सगळे सांगू लागले की या संघाचा स्वभावच तसा आहे, दबावात डोकं थंड राहतं. बाबाही सांगू लागले. मला तो युक्तिवाद पटत नव्हता, कारण १२ मेला हाच संघ दिल्लीत सात धावांनी हरला होता आणि तेव्हा स्वभाव कुठे गेला होता, हे कोणी विचारलं नाही. आपण जिंकलेल्या चुरशीच्या सामन्यांना गुण म्हणतो आणि हरलेल्यांना नशीब.

पुढे काही वर्षांनी मिनियापोलिसला राहणाऱ्या मावसबहिणीमुळे मला याचा नमुनाच सापडला. तिकडच्या त्यांच्या फुटबॉलमध्ये, जो हातात घेऊन पळतात, मिनेसोटा वायकिंग्जने २०२२च्या हंगामात एका गोलफरकाच्या आतले, म्हणजे आठ किंवा कमी गुणांचे, अकराच्या अकरा साखळी सामने जिंकले. एकूण तेरा विजय, चार पराभव, आणि तरीही हंगामभरात केलेल्या गुणांपेक्षा खाल्लेले गुण तीनने जास्त! बाद फेरीत घरच्या मैदानावर न्यूयॉर्क जायंट्सकडून सात गुणांनी हरले. पुढच्या वर्षी सात विजय, दहा पराभव. तिथले आकडेवाले म्हणतात की थोडक्यात जिंकण्याची सवय अशी वस्तू टिकत नाही, ती पुढच्या हंगामात बरोबर येत नाही. बहीण मात्र अजून म्हणते, त्या वर्षी काहीतरी होतंच. तिच्याशी मी वाद घालत नाही.

२१ मे, हैदराबाद. अंतिम सामना पुन्हा मुंबईशी. त्या हंगामात मुंबईला तीनदा हरवून झालं होतं. मुंबईने फक्त १२९ केल्या. शेवटच्या षटकात अकरा हव्या होत्या. जॉन्सनच्या पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीने चौकार मारला, आणि बाबा उभे राहिले. दुसऱ्यावर तिवारी झेलबाद. तिसऱ्यावर स्मिथ. चौथ्यावर एक, पाचव्यावर दोन. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या, डॅन ख्रिश्चनने दोन पळून काढल्या आणि तिसरीच्या प्रयत्नात धावबाद झाला. १२८. ती तिसरी धाव पूर्ण झाली असती तरी फक्त बरोबरी झाली असती, हे बाबांच्या ध्यानात नव्हतं. ते म्हणत राहिले, “एक धाव.” मी दुरुस्त केलं नाही.

थोड्या वेळाने भावाचा फोन आला. तो पुण्यात राहून मुंबईवाला, खूश होता. बाबांनी त्याला एवढंच विचारलं की तुमच्याकडे उद्या लोक हळहळतील का. तो म्हणाला, इथे कोणाला पडलंय बाबा, हा संघ तर संपलाच. खरंच होतं. करार दोनच वर्षांचा होता, बंदी उठून चेन्नई आणि राजस्थान परत येणार होते. जानेवारीच्या लिलावात सगळे पांगले. धोनी आधीच चेन्नईला गेला होता, स्मिथ राजस्थानला. त्रिपाठी, स्टोक्स, रहाणे, उनाडकटही राजस्थानकडेच. बाबांनी ती यादी हिंदी पेपरात बोट ठेवून वाचली.

पुण्याला जायचा विषय त्यानंतर त्यांनी काढला नाही. दिवाळीआधी रंगारी बोलावला, पुढच्या खोलीला फिकट पिवळा रंग दिला. भाऊ अधूनमधून विचारतो. २०२१ला त्याच मालकांनी नवा संघ घेतला, लखनौ सुपर जायंट्स. ‘स’ परत आला होता. मी बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पेपरातून मान वर केली.

“लखनौले गेले काय,” म्हणाले. “दूर आहे.”