नुसती दिल्ली पाहायला

आपल्या बोईसर-पालघरकडची कामगार माणसे दिल्लीला जातात ती ठरलेल्या कारणांनी. मोठ्या इस्पितळात इलाज, नोकरी, कोर्टातला खटला, नाहीतर मोर्चा. त्यामुळे मार्च २०२५ मध्ये आम्ही दोघे सव्वीस दिवसांसाठी निघालो तेव्हा चाळीतल्या प्रत्येकाने काळजीने विचारले, "कोणाची तब्येत बिघडली?" कोणाचीच नाही, नुसती दिल्ली पाहायला चाललोय, असे सांगितले तर कोणाला ते खरे वाटेना. एका जवळच्या नातलगाने तर तोंडावरच विचारले, "काका, फंडाचे पैसे असे उडवायचे असतात का?"

प्रश्न रागावण्यासारखा नव्हता. आपल्या घरांत पैसा कसा येतो आणि कसा जातो हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

आम्हा दोघांपैकी एकाने तारापूरच्या एमआयडीसीत तारेच्या कारखान्यात ३२ वर्षे तिन्ही शिफ्टमध्ये काढली. दुसरीने अंगणवाडीत मदतनीस म्हणून २४ वर्षे. रजा मिळत नव्हती असे नाही. पण ती गेली बहिणींच्या लग्नांत, पावसाळ्याआधी घराचे पत्रे बदलण्यात, आईच्या आजारपणात, कोणाच्या पुण्यानुमोदनाला गावी जाण्यात. उरलेली रजा विकली आणि त्या पैशांतून मुलांच्या फिया भरल्या. ते गरजेचेच होते. पण एखादी जागा नुसती पाहावी म्हणून घेतलेली रजा हिशेबात एका दिवसाचीही निघाली नाही.

संधी आली ती भाच्यामुळे. तो दिल्लीत सरकारी कचेरीत आहे. महिनाभर प्रशिक्षणासाठी बाहेर जाणार होता आणि लक्ष्मीनगरमधली त्याची तिसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी राहणार होती. "मामा, मामी, किल्ली घ्या आणि राहा," म्हणाला. आम्ही तांदूळ, घरचा मसाला आणि सातपाटीची सुकट बांधून घेतली. खोलीत सुकट भाजली की जिन्यातली माणसे थांबून विचारत, आज काय शिजतेय? गाडीभाडे, मेट्रो, तिकिटे, भाजीपाला धरून दोघांचा सगळा खर्च २७ हजारांत बसला.

नियम एकच केला. एक दिवस फिरायचे, एक दिवस खोलीवर राहायचे. गुडघ्यांना विश्रांती मिळे आणि पाहिलेल्या गोष्टीवर बोलायलाही वेळ मिळे. चार दिवसांच्या सहलीत बस थांबते, फोटो निघतो, बस सुटते. आम्हाला आवडलेल्या जागी आम्ही पुन्हा गेलो.

पुन्हा गेलेली पहिली जागा म्हणजे फिरोजशाह कोटला. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशाह तुघलकाने सम्राट अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीत आणवले. एक हरियाणातल्या टोपरा गावाहून, दुसरा मेरठहून. टोपऱ्याचा स्तंभ सुमारे १३ मीटर उंच, अखंड दगडाचा. तो कापसात आणि वेताबोरूत गुंडाळून आडवा केला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर घालून दोरखंडांनी ओढत यमुनेपर्यंत नेला आणि होड्यांवरून दिल्लीत आणला. ज्यांनी ते दोर ओढले त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. कारखान्यात जड रीळ ढकललेल्या माणसाला तो स्तंभ पाहताना आधी तेच आठवते.

त्यावरची अक्षरे सुलतानाच्या दरबारात कोणालाही वाचता आली नाहीत. ती १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने उलगडली. राजाने तिथे आपल्या लढायांची बढाई मारलेली नाही. रस्त्यांच्या कडेला वड लावले, आमराया केल्या, ठराविक अंतरावर विहिरी खोदल्या, वाटसरूंसाठी विश्रामस्थाने बांधली, हे त्यात सांगितले आहे. माणसांबरोबर जनावरांच्या सावलीचाही विचार आहे.

आम्ही दुसऱ्यांदा गेलो तो वार गुरुवार होता. त्या दिवशी तिथे गर्दी होते. खालच्या अंधाऱ्या कोनाड्यांत जिन राहतात अशी समजूत असल्याने लोक त्यांच्या नावे अर्ज लिहून ठेवतात. काहींनी तर अर्जाच्या झेरॉक्स काढून निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवल्या होत्या. मागणे काय, तर आजार बरा व्हावा, नोकरी लागावी, खटला सुटावा. आम्हाला हसू आले नाही. ज्याला कोणत्याच कचेरीत कोणी उभे करत नाही तो शेवटी भिंतीला अर्ज देतो. पण वरच्या दगडावर राज्यकर्त्याने स्वतःची कामे लिहून ठेवली आहेत आणि खाली माणसे अदृश्यांकडे दाद मागत आहेत, हे पाहून त्या रात्री खोलीवर आम्ही बराच वेळ बोलत होतो.

मेरठचा दुसरा स्तंभ रिजवर, हिंदुराव इस्पितळाजवळ आहे. अठराव्या शतकात एका स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. १८६७ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला. जवळ काटेसावर लाल फुलली होती, आपल्या जव्हारच्या रस्त्याला फुलते तशीच. त्या सकाळी तिथे आम्ही दोघेच होतो.

कुतुबमिनाराच्या आवारातला लोहस्तंभ मात्र आमच्या घरातल्या कामगाराने तासभर पाहिला. आपल्याकडे खारा वारा आणि कारखान्यांच्या वाफा यांनी पत्रा चार-पाच पावसाळ्यांत चाळण होतो. हा स्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असल्याने पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर धरला गेला, असे धातुशास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे. "ज्यांनी हे ओतले-ठोकले ते आपल्याच जातीचे," असे हे म्हणाले. जात म्हणजे भट्टीपुढे उभे राहणाऱ्यांची.

अलिपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या जागी ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. तिथे आता उघड्या पुस्तकाच्या आकाराचे स्मारक आहे. एप्रिल २०१८ मध्ये ते खुले झाले. आपल्यापैकी अनेकजण तिथे वंदन करून आले असतील. आम्ही मात्र तिथून निघून दोन दिवसांनी विजय चौकात गेलो आणि १९२७ साली सुरू झालेली संसदेची जुनी गोल इमारत, म्हणजे आजचे संविधान सदन, बाहेरून बराच वेळ पाहत उभे राहिलो.

त्याचे कारण असे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी सुटी देणारा कायदा त्याच काळातला, १९४५ चा. वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला सलग दहा दिवसांची सुटी, पगारासह. १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. ही विधेयके त्यांनीच कायदेमंडळात मांडली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली.

म्हणजे आपल्याला मिळणारी रजा ही मालकाची मेहेरबानी नव्हे. ती या शहरात वाद घालून कायद्यात लिहून घेतलेली आहे. आजारपणाला आणि लग्नकार्याला ती लागतेच. पण माणसाने कधीतरी काम बाजूला ठेवून जग पाहावे, थकलेले अंग सैल सोडावे, बायकोने आयते कोणाच्या तरी हातचे छोले-भटुरे खावेत, हासुद्धा त्या सुटीचाच उपयोग आहे. पैसे उडवण्याबद्दल विचारणाऱ्या नातलगाला आमचे हेच उत्तर आहे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नोव्हेंबर-डिसेंबरची धुरकट हवा आणि मे-जूनचे ऊन टाळा. राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असते. पिप्रहवा येथे सापडलेल्या बुद्धांच्या अस्थी तिथे ठेवलेल्या पाहिल्या, त्या मुलांना आवर्जून दाखवा. ओळखीचे घर नसेल तर चार कुटुंबांनी मिळून खोल्या घ्या. पोस्टात महिना पाचशेचे आवर्ती खाते उघडले तर पाच वर्षांत दोघांचा प्रवास निघतो.

आमचा धाकटा मुलगाही एमआयडीसीतच आहे. त्याने आजवरची रजा विकूनच हप्ते फेडले. यंदा दहा दिवस विकू नकोस, सुनेला आणि नातीला घेऊन जा, असे आम्ही त्याला सांगितले. तो "बघू" म्हणाला. परवा सूनबाईने हळूच कळवले की अर्ज दिला आहे, मंजूर व्हायचा आहे. नातीने मात्र लोहस्तंभ किती किलोचा असेल हे आजोबांना आत्ताच विचारून ठेवले आहे. सहा टनांहून अधिक, असे सांगितल्यावर ती विचारते, "मग तो उचलला कोणी?"